हुबर्ट म्हणतो

झिंज, बहरैन
१५ ऑक्टोबर १९८२

प्रिय अ‍ॅलिस,

तुझं ऑगस्टचं पत्र दोन महिने पर्समध्ये घेऊन फिरतेय. लिहायला बसलं की ड्यूटी तरी येते, नाहीतर झोप तरी. आज शुक्रवार, सुट्टी. राजन मात्र तुबलीला वर्कशॉपवर गेलेत. कुणा बड्या घरचे चार एसी एकदम बंद पडलेत, मग सुट्टी-बिट्टी मफी, इथल्या भाषेत नाहीच.

आमच्या वॉर्डात एक वेल्डर होता, तेलंगणातला. टाकीत काम करताना भाजला. अकरा दिवस जगला. त्याच्या बायकोला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी हिंदीत सांगत गेले आणि त्याच्या गाववाल्याने तेलुगूत लिहून घेतलं. मी सांगितलं, झोपेत गेले, त्रास झाला नाही. अ‍ॅलिस, तो झोपेत गेला नाही. तो गाववाला माझ्याकडे बघत होता आणि लिहीत होता. त्यालाही माहीत होतं.

तेव्हापासून घरी आले की मला एसीचा आवाज सहन होत नाही. बंद करावा तर जीव गुदमरतो. या देशात कुठेही जा, ती घरघर पाठ सोडत नाही, आणि माझा नवरा ती घरघर दुरुस्त करून पोट भरतो. हसू नकोस. मला अशी जागा हवी आहे जिथे कसलाच आवाज नाही.

म्हणून विचारते. शहात्तर साली मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले, तेव्हा तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या हुबर्टने तो पांढरा घुमट दाखवला होता. ग्राउकोफ. म्हणाला होता, हा डोंगर नव्हे, टेकडी आहे. आमच्याकडे म्हातारेकोतारे चर्चमधली मिस्सा झाली की स्की बांधून चढून येतात. आपण दोघींनी तेव्हाच ठरवलं होतं, एकदा जायचं. सात वर्षं होतील. येत्या मार्चमध्ये जाऊ या का? क्लब नको, पाहुणे नकोत, फोटो नकोत. गुपचूप जायचं आणि यायचं. दोन हिवाळे हुबर्टने मला शिकवलं, त्यातलं नांगरासारखे पाय फाकून हळूहळू उतरणं तेवढं माझ्या लक्षात आहे. तेवढ्यावर भागेल का, त्याला विचार. आणि त्याचा गुडघा कसा आहे?

तुझी,
स्मिता

*

लेर्खबाख, टिरोल
३ नोव्हेंबर १९८२

स्मिते,

तुझं पत्र आलं आणि मी उभ्याउभ्याच वाचलं, अंगावर ओव्हरकोट तसाच. जाऊ या. जाऊच या.

हुबर्ट म्हणतो, 'श्मिटा'ला सांग (त्याला तुझं नाव काही केल्या नीट येत नाही), ग्राउकोफ कुणाला वय विचारत नाही, फक्त सकाळी किती वाजता निघालात ते विचारतो. मार्चमध्ये पहाटेचा बर्फ कडक असतो, उन्हं चढली की मऊ पडतो. म्हणून दुपारी बाराच्या आत खाली. हे त्याचं वाक्य तू पन्नास वेळा ऐकलं असशील, एक्कावन्नाव्यांदा ऐक.

गावापासून माथ्यापर्यंत अकराशे मीटर चढ आहे. पहिला निम्मा रस्ता जंगलातून, लाकडाच्या गाड्या जातात त्या सडकेने. मग उघडा उतार, मग खिंड, आणि खिंडीतून माथा अर्ध्या तासावर. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे, म्हणजे पाय पुढे सरकतो, मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्टे सोडायचे. तुझ्यासाठी माझी जुनी जोडी काढून ठेवते. हुबर्ट म्हणतो, तिच्या पायाला तुझे बूट होतील, दोन मोजे घालायला सांग.

तू तिथे काय करायचंस ते ऐक. जिने चढ. पाठीवर वजन घे, पाच किलोपासून सुरुवात कर. रोज चढ.

इथे माझ्याशी मराठी बोलायला कोणी नाही. वॉर्डात जर्मन, घरी जर्मन. तुला लिहिताना तेवढी तोंडातल्या तोंडात बोलते. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये मी झोपेत वसईची भाषा बडबडायचे आणि तू मला उठवून सुकेळी मागायचीस, ते परवा आठवलं. तेव्हा एकवीस वर्षांच्या होतो आपण. कुठल्या कुठे येऊन पडलो गं.

त्याचा गुडघा आहे तसाच आहे. थंडी पडली की कुरकुरतो.

तुझ्या त्या वेल्डरसाठी मी मिस्सा सांगितली आहे.

अ‍ॅलिस
(आणि हुबर्ट)

*

झिंज
२६ नोव्हेंबर १९८२

प्रिय अ‍ॅलिस,

आमची बिल्डिंग तीन मजली. रोज वीस वेळा चढते-उतरते, पाठीवर पिशवीत दहा किलो बासमती. खालच्या मजल्यावरच्या हमीदाबाजींनी तिसऱ्या दिवशी दार उघडून विचारलं, "स्मिता, घर में सब खैरियत?" मी म्हटलं, पहाड चढना है. त्या म्हणाल्या, "बहरैन में?" आणि आत जाऊन माझ्यासाठी सरबत घेऊन आल्या.

रजेचा अर्ज दिला आहे. मेट्रन म्हणते, इंशाल्ला. म्हणजे नाही, किंवा हो, किंवा आधी इतर तिघींना विचारून. माझ्याबरोबर ड्यूटीला इशरत आहे, कराचीची. ती म्हणाली, "तू जा, तुझ्या नाइट ड्यूट्या मी करते. पर जिंदा वापस आना." राजनना अजून पटलेलं नाही. म्हणतात, लोक सुट्टीत घरी जातात, तू बर्फात निघालीस.

तुला खरं सांगू? तो अर्ज दिल्यापासून मला जरा झोप लागते. वॉर्डात काही वाईट झालं की मनात म्हणते, सडक, उघडा उतार, खिंड, माथा. चार टप्पे. पुन्हा पुन्हा म्हणते.

आणखी एक. आमच्याकडे लेडरर नावाचा एक ऑस्ट्रियन इंजिनियर अपेंडिक्सला दाखल झाला होता. तुमच्या इन्सब्रुकचाच निघाला. नाताळला घरी जातोय. त्याच्याबरोबर हुबर्टसाठी खजूर पाठवते, तो मऊ, त्याला आवडतो तो. आणि हुबर्टला सांग, पुढच्या पत्रात पूर्वीसारख्या त्याच्या वाकड्या इंग्लिशमध्ये दोन ओळी लिही. दोन वर्षं झाली, त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. रागावलाय का माझ्यावर?

स्मिता

*

लेर्खबाख
२७ डिसेंबर १९८२

स्मिते,

नाताळ झाला. मी ड्यूटी मागून घेतली होती, घरी बसून करायचं काय.

हुबर्टच्या हाताला लाकूड फोडताना लागलंय, पट्टी बांधली आहे. त्यामुळे त्याला लिहिता येणार नाही. तुझ्यावर रागावेल कशाला? म्हणतो, मार्चमध्ये भेटू तेव्हा बोलू.

खरं तर तो आपल्याबरोबर वर येणार नाही. फक्त आपण दोघी. तुला गुपचूप जायचं होतं ना, मग पुरुषमाणूस कशाला?

उतरण्याची काळजी करू नकोस. मी नीट विचार केला आहे. खिंडीपासून जंगलाच्या सडकेपर्यंत दर पन्नास पावलांवर खुणेची काठी रोवलेली आहे, टोकाला लाल रंग. एक काठी दिसली की तिच्याकडे जायचं, तिथे थांबायचं, पुढची बघायची. पाय फाकून हळूहळू. सडकेला लागलीस की ती थेट चर्चपाशी आणून सोडते. तू एकटी असलीस तरी वाट चुकणार नाहीस. हे मी नोव्हेंबरमध्ये चालत जाऊन बघून आले आहे.

सोबत यादी पाठवते, तीन पानं आहेत. लोकरीची टोपी, काळा चष्मा, ओठांना लावायचं मलम. जे नसेल ते माझ्याकडे आहे. १९ मार्च, शनिवार. सेंट जोसेफचा सण, इथे सुट्टी असते. सगळं गाव चर्चमध्ये असेल, वाटेत कोणी भेटणार नाही.

चढत राहा.

अ‍ॅलिस

*

झिंज
१६ जानेवारी १९८३

अ‍ॅलिस,

लेडरर परवा वॉर्डात आला. मी पेशंटला सलाइन लावत होते, तो दाराशी उभा राहिला. माझं काम संपेपर्यंत उभाच होता. मग म्हणाला, "सिस्टर, तुम्हाला माहीत नाही हे मला माहीत नव्हतं."

तू ड्यूटीवर होतीस म्हणून त्याने खजुराचा डबा शेजारच्या फ्राउ मोझरकडे दिला. सांगितलं, हा हुबर्टसाठी, बहरैनहून. ती बाई दारातच रडायला लागली म्हणे.

हुबर्ट मार्च १९८१ला गेला. आज जानेवारी १९८३ आहे.

मी घरी येऊन तुझी पत्रं काढली. मार्चनंतरची नऊ आहेत. नऊ पत्रांत हुबर्ट बोलतो. हुबर्टला मुळ्याची कोशिंबीर आवडली. हुबर्टने कोंबड्यांचं खुराडं रंगवलं. हुबर्ट म्हणतो, श्मिटाला सांग. हाताला पट्टी बांधली म्हणून लिहिता येत नाही! अगं, दोन महिन्यांपूर्वी तुझं ते एक्कावन्नाव्यांदाचं वाक्य मी राजनना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. मेलेल्या माणसाला आम्ही हसलो.

मला वाटत होतं तू माझी सगळ्यात जवळची आहेस. मी आई गेल्याचं तुला आधी लिहिलं, भावाला नंतर. दोनदा पोटातलं मूल गेलं ते फक्त तुला आणि राजनना माहीत आहे. आणि तू मला खेळवत होतीस? मी त्याच्यासाठी रडलेसुद्धा नाही, कारण मला कोणी सांगितलंच नाही.

तुला काय म्हणायचं असेल ते लिही. मला काहीच कळेनासं झालंय. मार्चमध्ये यायचं की नाही, तेही.

स्मिता

*

लेर्खबाख
२९ जानेवारी १९८३

स्मिते,

सेंट जोसेफच्या सणाला तो वाटाड्या म्हणून दोन डच पाहुण्यांना घेऊन ग्राउकोफला गेला होता. खिंडीखालच्या उतारावरचा बर्फ सुटून कोसळला. पाहुणे कडेला होते, वाचले. त्याला शोधून काढायला दीड तास लागला. मी ड्यूटीवर होते. हेलिकॉप्टर आमच्याच हॉस्पिटलच्या अंगणात उतरलं. माणूस कोण ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मी स्ट्रेचर घ्यायला पुढे गेले. त्याची नाडी मीच बघितली, स्मिता. सवयीने घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट बघितली.

दहा-बारा दिवसांनी टेबल आवरताना तुला लिहायला घेतलेलं पत्र सापडलं. तो गेला त्याच्या आदल्या रात्री अर्धं टाकलं होतं. 'हुबर्ट म्हणतो' इथपर्यंत येऊन थांबलं होतं. तो काय म्हणाला होता ते मला आठवत होतं, म्हणून मी वाक्य पुरं केलं. आणि पाठवलं. खरंच, एवढंच झालं.

मग तुझं उत्तर आलं. त्यात तू त्याच्या गुडघ्याची चौकशी केली होतीस. इथे सगळे माझ्याकडे मान तिरकी करून बघत होते. वसईहून माझ्या बहिणीचं, कॅरोलिनचं पत्र आलं, बाई, देवाची इच्छा. आणि तुझ्या पत्रात त्याचा गुडघा दुखत होता. जगात एक जागा अशी होती जिथे त्याचा गुडघा अजून दुखत होता, आणि ती बहरैनमध्ये होती. ती मोडायला माझा हात धजला नाही. प्रत्येक वेळी ठरवायचे, या पत्रात सांगते. मग लिहायचे, हुबर्ट म्हणतो. पंधरा वर्षं ऐकलं होतं त्याला. तो काय म्हणाला असता ते शोधायला मला त्रास पडत नव्हता. आता आता पडायला लागला होता. तो काय म्हणेल ते मला कळेनासं होत चाललंय. ते जास्त भयंकर आहे.

तूही त्या वेल्डरच्या बायकोला लिहिलंस ना, झोपेत गेले. मी तुला दोष देत नाही. मलाही देऊ नकोस, एवढंच.

तरीही ये. ठरलंय तसंच करू, १९ तारीख, तोच डोंगर. माझी सगळी तयारी झाली आहे. कोंबड्या फ्राउ मोझरला दिल्या. हॉस्पिटलात १५ मार्चपर्यंतच काम करीन असं कळवलंय, म्हणजे रजेची कटकट नको. तुला २० तारखेला सकाळी इन्सब्रुकला जाणाऱ्या बसचं तिकीट काढून ठेवलंय. आईचा सोन्याचा क्रूस तुझ्याकडे देईन, तू मुंबईला जाशील तेव्हा वसईला कॅरोलिनकडे पोचव. टपालाचा भरवसा नाही.

गेले काही आठवडे मला खूप शांत वाटतंय. दोन वर्षांत पहिल्यांदाच सलग झोप लागते. तू ये. बाकी काही नको.

अ‍ॅलिस

*

झिंज
९ फेब्रुवारी १९८३

अ‍ॅलिस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा रडत वाचलं, त्यामुळे काही दिसलं नाही. तिसऱ्या वेळी नर्स म्हणून वाचलं.

कोंबड्या दिल्यास. नोकरी सोडलीस. आईचा क्रूस मी पोचवायचा. बसचं तिकीट मला एकटीला. डिसेंबरचं पत्र पुन्हा काढलं: तू एकटी असलीस तरी वाट चुकणार नाहीस. मी एकटी कशी असेन, अ‍ॅलिस? तू कुठे असशील?

तू खाली येणार नाहीयेस. मला खाली यायला काठ्या मोजून ठेवल्यास आणि स्वतःचं काहीच ठेवलं नाहीस.

रडून रडून दमलेला पेशंट एकदम शांत झाला, नीट झोपायला लागला, वस्तू वाटायला लागला, की सिस्टरने त्याच्या पलंगापासून हलायचं नाही. हे आपल्याला शुभदा सिस्टरांनी एकाच वर्गात शिकवलं. तुझ्या शेजारच्या बाकावर मी होते. तुला वाटलं मी विसरले असेन?

मी शब्द फिरवत नाही. तुला मरायचं आहे आणि सोबतीला मला बोलावलंस. म्हणजे तुझ्यातल्या कुणाला तरी एकटीने जायचं नाही. मी तिच्यासाठी येतेय.

१९ मार्चला नाही, आत्ता येतेय. मेट्रनला म्हटलं, बिनपगारी द्या, नाहीतर राजीनामा घ्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि सही केली, खलास. रात्रीच व्हिसाचे कागद भरून राजननी टेबलावर ठेवले होते. तुमच्या गावच्या पोस्टात तीनदा फोन लावला, लागला नाही. हे पत्र पोचेपर्यंत मी बहुतेक पोचलेली असेन.

कुठेही जाऊ नकोस.

स्मिता

*

लेर्खबाख
२४ मार्च १९८३

प्रिय राजन,

तार मिळाली असेल. मी ठीक आहे. उजवा गुडघा प्लास्टरमध्ये आहे, तीन आठवडे विमान नाही. मेट्रनला तुम्हीच सांगा. आता सगळं लिहिते, कारण इथे कुणाला सांगता येत नाही.

महिनाभर मी तिच्या घरात होते. तिने दार उघडलं तेव्हा मिठी मारली नाही, म्हणाली, "तू फार लवकर आलीस." ती वाळली आहे. हुबर्टचे बूट अजून शेगडीपाशी आहेत. मी डॉक्टरला भेटले, फादरांना भेटले. तिने सगळ्यांना हसून सांगितलं, माझी मैत्रीण घाबरट आहे. मी तिच्या खोलीत गादी टाकून झोपत होते. एक-दोन दिवस चांगले गेले. एकदा आम्ही भाकरी करायला बसलो, पीठ थापताच येईना, दोघी हसलो. मला वाटलं, टळलं. राजन, मी वीस वर्षं नर्स आहे आणि मला वाटलं, टळलं.

१९ तारखेला सण. सगळं गाव चर्चमध्ये. ती म्हणाली, तू पुढे जाऊन बस, मी वर सज्जात गाणाऱ्यांत आहे. पहिलं गाणं सुरू झालं तरी तिचा आवाज ऐकू येईना. मान वळवून वर पाहिलं, ती नव्हती. मी फ्राउ मोझरचा हात दाबून एवढंच म्हटलं, "अ‍ॅलिस, ग्राउकोफ," आणि पळाले. पडवीत तिच्या स्की नव्हत्या. माझ्यासाठी काढून ठेवलेल्या होत्या, पट्टेसुद्धा लावून.

तिचा माग स्पष्ट होता. मी चढत राहिले. जिन्यातलं चढणं एक आणि हे एक. जंगल संपल्यावर ढग खाली आले. कसलाच आवाज नव्हता. मी जन्मात एवढी शांतता ऐकली नव्हती, आणि मला ती एक क्षणही नको होती. मी ओरडत होते, अ‍ॅलिस, अ‍ॅलिस, आणि त्या पांढऱ्यात आवाज दोन पावलांवर विझत होता.

ती खिंडीखाली बसली होती. स्की काढलेल्या, हातमोजे काढलेले, कोट बाजूला घडी करून ठेवलेला. हात निळे पडले होते. मी म्हटलं, "कोट घाल." ती म्हणाली, "इथे सापडला तो. तू खाली जा."

"मला उतरता येत नाही."

"येतं. त्याने शिकवलंय."

"काठ्या दिसत नाहीत, अ‍ॅलिस. बघ तूच. एकही दिसत नाही."

तिने पाहिलंच नाही. मी तिला उठवायला ओढलं, तिने मला ढकललं. मी स्कीसकट उलटी पडले आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. मी किंचाळले असेन. नाटक नव्हतं, राजन. मी तेवढी हुशार असते तर आधीच केलं असतं.

ती तशीच बसून माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. मला वाटलं, आता दोघी. तुमची आठवण आली. मग ती उठली. माझ्या बुटाची पट्टी सोडली, गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हलवू नकोस." वॉर्डातला आवाज. स्कीच्या दोन काठ्या आणि स्वतःचा मफलर घेऊन तिने पाय बांधला. स्वतःचा कोट मला घालायला निघाली, मी म्हटलं, तो तूच घाल, नाहीतर मी इथून हलणार नाही. तिने घातला. मला स्कीवर बसवून, पुढून दोरीने धरून, तिने इंचाइंचाने खाली सरकवलं. खुणेच्या काठ्या तिला न बघता सापडत होत्या. सगळी वाट ती रडत होती आणि मला शिव्या देत होती.

"उतरता येत नाही तर चढलीस कशाला?"

"तुझ्यासाठी."

"मी बोलावलं नव्हतं."

"बोलावलं होतंस. तीन पानं यादी पाठवलीस."

जंगलाच्या सडकेवर गावातली माणसं भेटली, सणाच्या कपड्यांतच धावत आली होती. त्यांना पाहून ती खाली बसली आणि मग उठलीच नाही.

आता ती इन्सब्रुकला हॉस्पिटलात आहे, मनाच्या आजारांच्या वॉर्डात. दोन बोटांची टोकं जातील. काल मी कुबड्या घेऊन गेले होते. तासभर बसले. तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. निघताना म्हणाली, "तू मला एकदा तिथपर्यंत जाऊ दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?" तुमच्याजवळ याचं उत्तर असेल तर लिहा.

तुमची,
स्मिता

*

लेर्खबाख
२ नोव्हेंबर १९८३

स्मिता,

तुझी पाच पत्रं आली. मी ती उघडली नव्हती. गेल्या आठवड्यात सगळी एकदम उघडली.

आज मृतांचा दिवस. सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलं होतं, मीही गेले. दोन वर्षं गेले नव्हते. दगडावर त्याचं नाव आहे, तारीख आहे, शेजारी माझ्यासाठी मोकळी जागा आहे. मेणबत्ती दोनदा विझली. फ्राउ मोझरने स्वतःच्या मेणबत्तीवर ती पुन्हा पेटवून दिली.

हॉस्पिटलातून जुलैमध्ये सोडलं. पूर्वीचं काम देत नाहीत, बोटांमुळे आणि दुसऱ्या कारणामुळेही. धुलाईखात्यात चादरी मोजते. गोळ्या घेते. त्यांनी तोंड कोरडं पडतं. हुबर्टचे बूट फादरांना दिले, कुणा गरजू माणसाच्या पायाला झाले. घरी येऊन शेगडीपाशच्या त्या मोकळ्या जागेपुढे मी दुपारभर बसले होते.

गावात म्हणतात, बहरैनच्या मैत्रिणीने हिला वाचवलं. तू तसं म्हणू नकोस. मी तुझ्यावर रागावले आहे. तू माझ्यापुढे गुडघा मोडून पडलीस आणि माझ्या हातांनी मला न विचारता काम सुरू केलं. माझ्या हातांवरही मी रागावले आहे. तुझा पाय अजून दुखतो असं तू जूनमध्ये लिहिलंस. तो मी ढकलल्यामुळे मोडला, हे मला माहीत आहे, आणि त्याचं वाईट वाटायला अजून माझ्यात जागा झालेली नाही. होईल का, ठाऊक नाही.

तू विचारतेस, कशी आहेस. मी बरी आहे असं लिहायला घेतलं होतं, चांगली दोन वाक्यं झाली होती. ती खोडली. तुला खोटं लिहिणं मला फार सोपं जातं, म्हणून खरं लिहिते. सकाळी उठवत नाही. चर्चमध्ये देवाशी बोलायला तोंड उघडत नाही. खिडकीचा पडदा मी ओढून घेतला आहे, डोंगर दिसू नये म्हणून, त्यामुळे स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. त्याचा आवाज कसा होता ते आता आठवत नाही. काय म्हणायचा ते आठवतं, आवाज नाही.

आज उठले. काल उठले नव्हते. उद्याचं मला विचारू नकोस.

पोस्टातला नवा नंबर खाली लिहिला आहे. तिथली बाई हाक मारून मला बोलावून आणते, आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ तुला फोन धरून थांबावं लागेल.

अ‍ॅलिस